जुन्या मोटारीचा एसी : केवळ गॅस बदलून भागत नाही

प्रतिनिधी, कडेगाव

उन्हाळा सुरू झाला की कडेगाव, विटा, कराड परिसरातील जुन्या मोटारींचे मालक एसीत गॅस भरून घेण्यासाठी गॅरेज गाठतात. मोटार नव्वदच्या दशकातील वा त्याआधीची असेल, तर तिची यंत्रणा मुळात ‘आर-१२’ या वायूसाठी बनविलेली असण्याची शक्यता असते. तसे असल्यास नुसता नवा गॅस भरणे धोक्याचे ठरते.

‘आर-१२’मधील क्लोरीनमुळे ओझोनच्या थराचा क्षय होतो. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सहभागी झाला. २००० च्या नियमावलीनुसार १ जानेवारी २००३ नंतर नव्या वस्तूंच्या निर्मितीत अशा वायूंच्या वापरावर बंदी आली. दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, १ ऑगस्ट २००८ पासून त्यांचे देशातील उत्पादनही थांबले. त्यामुळे जुन्या मोटारींसाठी ‘आर-१३४ए’ हा रूढ पर्याय ठरला.

अडचण वंगणाची आहे. ‘आर-१२’बरोबर वापरले जाणारे खनिज तेल नव्या वायूत मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरपर्यंत परत न आल्यास कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुना वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा, जुने तेल काढून एस्टर किंवा पॅग तेल घालावे, ड्रायर आणि रबरी सील बदलावेत. गळके होज पाइपही बदलणे इष्ट. नव्या वायूसाठी वेगळ्या मापाचे जोड बसवून व्हॅक्यूम पंपाने यंत्रणेतील हवा व ओलावा काढावा. वायू वजन करूनच भरावा. त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्के असते. नव्या वायूचा दाब अधिक असल्याने लहान कंडेन्सर असलेल्या गाडीत गारवा थोडा कमी जाणवू शकतो.

स्वस्तात काम उरकण्यासाठी स्वयंपाकाचा गॅस भरणे जिवावर बेतू शकते, कारण गळती झाल्यास तो पेट घेतो.

‘आर-१३४ए’ ओझोनला घातक नसला, तरी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवितो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून, अशा वायूंच्या वापरातील कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे.

गाडी गॅरेजमध्ये देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : तेल बदलणार का, ड्रायर नवा घालणार का आणि गॅस वजन करून भरणार का? एकाचेही उत्तर नकारार्थी आल्यास गाडी परत न्यावी.