पडदा कुणाचं ऐकतो?

परवा रात्री साडेदहाला धुळ्याहून भाच्याचा फोन आला. देवपुरात राहतो, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी मामाची आठवण त्याला आंब्याच्या दिवसांत येते, त्यामुळे आधी धस्सच झालं. पण प्रकरण वेगळंच निघालं.

"मामा, माले खरं सांगा, त्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकना फायदा शे का? का नुसतं नाव शे?"

त्याच्याकडे साठ हजार जमलेत. निम्मे त्याने दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवलेले, निम्मे आमच्या भाऊजींनी कापसातून दिलेले. कापसाचा पैसा कसा येतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको. तर त्याच्यापुढे दोन वाटा. एक, चांगलं महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आणि जुन्याच ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर भागवायचं. दोन, एक पायरी खालचं कार्ड घ्यायचं आणि उरलेल्या पैशात सिंकवाला नवा मॉनिटर. मागून ताईचा आवाज येत होता, "खेळायलाच पाहिजे ना? मग दोन्ही कशाला?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. पोराचे आणि भाऊजींचे पैसे, आपण तोंडाला येईल ते बोलायचं हे काही बरं नाही. शिवाय या बाबतीत मी एकदा पोळलोय, ते पुढे येईलच.

रात्री झोप येईना तेव्हा आठवला तो अमळनेरचा तंबू. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरायची, बोरी नदीच्या पात्रात. पाळणे, बत्ताशे, आणि एका कडेला सिनेमाचा तंबू. यंत्र जनरेटरवर चालायचं. मध्येच जनरेटरचा दम उखडला की पडद्यावरची माणसं जरा जड पावलांनी चालायला लागायची. तेवढं कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण गाणं चालू असेल तर लताबाईंचा आवाज घसरत घसरत पार बाप्याचा व्हायचा आणि मग तंबूत जो हलकल्लोळ! कधी चित्र सरकून नायकाचं डोकं खाली आणि पाय वर. "ऑपरेटर, झोपला का रे!" आम्ही पोरं त्यासाठीच टपून बसलेलो असायचो.

गंमत म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचा सगळा इतिहास त्या तंबूत आहे. डोळा वेगातला फरक पोटात घालतो, कान घालत नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दाखवला, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. सेकंदाला साधारण सोळा चित्रं. साधारणच, कारण शेवटी तो माणसाचा हात. दाखवणारी यंत्रंही बरीचशी हातानेच फिरत. समोर युद्ध असेल तर हात जोरात, शोक असेल तर सावकाश. म्हणजे पडदा त्या काळी चित्राचं ऐकत होता.

मग आवाज आला. १९३१ चा 'आलम आरा', १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. फाळक्यांचा 'सेतुबंधन' तर मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज चढवावा लागला. ध्वनीची पट्टी फिल्मच्याच कडेला, म्हणजे फिल्मचा वेग हलला की सूर हलला. म्हणून जगभर सेकंदाला २४ चित्रं हा आकडा ठोकून बसवला गेला. ऑपरेटरच्या हातातून वेग गेला.

आता एक बारीक गोष्ट, मला फार आवडते म्हणून सांगतो. सेकंदाला सोळा किंवा चोवीस वेळा उजेड पडला तर डोळ्याला लुकलुक जाणवते. म्हणून प्रोजेक्टरपुढे एक फिरती झडप असते. मूकपटाच्या काळात तिला तीन पाती असत, एकच चित्र तीनदा दिसे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बोलपट आल्यावर दोन पाती पुरली. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस! हा ४८ लक्षात ठेवा.

टीव्हीने तर वीजमंडळाशीच सोयरिक केली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा. अमेरिकेत वीज ६० ची, तिथे ६०. सुरुवातीच्या संचांत हे आकडे जुळले नाहीत तर चित्रावर पट्टे सरकत, म्हणून ही तजवीज. आमच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर. आणि नेमकं राम धनुष्य उचलतोय तेव्हा चित्र वर वर पळायला लागायचं, एकामागून एक, थांबेचना. अण्णा टीव्हीच्या मागे जाऊन व्ही-होल्डची चकती फिरवायचे. त्यांना मागून काही दिसत नसे, म्हणून मी पुढे बसून ओरडायचो, "आलं... आलं... गेलं!" प्रक्षेपण केंद्राकडून येणाऱ्या इशाऱ्याशी आपल्या संचाचा ठेका जुळवणं, एवढंच ते काम. सिंक सिंक म्हणतात ते हेच. अण्णा आमच्या घरचे पहिले अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक!

संगणकाने टीव्हीची काच घेतली आणि सवयही घेतली. ६०, ७५, ८५ हर्ट्‌झ, काय ते एकदा ठरवा. पुढे एलसीडी आले, काचेमागून धावणारा इलेक्ट्रॉनचा झोत गेला, चित्र जागच्या जागी टिकायला लागलं. खरं तर ठराविक ठेक्याची गरज तिथेच संपली होती. पण ६० राहिला तो राहिलाच. लग्नात वाजंत्री बदलले तरी चाल जुनीच, तसं.

सिनेमाला हे चालतं, कारण त्याची चित्रं आधीच तयार असतात. खेळात कार्ड प्रत्येक चित्र तिथल्या तिथे काढतं. रिकामी भिंत समोर असेल तर झटकन, धूर-स्फोट-गर्दी असेल तर वेळ लागतो. ६० चा मॉनिटर मात्र दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागणार म्हणजे मागणार. कार्डाला २० लागले तर? पडदा रंगत असताना मध्येच नवं चित्र दिलं तर वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा, मध्ये फाटल्यासारखी रेघ. फेरी पूर्ण होईपर्यंत थांबलं तर पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे ३३ मिलिसेकंदांपर्यंत, जुनंच चित्र, खेळ अडखळतो. आपली एसटी दोन मिनिटं चुकली की पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसावं लागतं, तोच प्रकार.

यावर तोडगा सोपा, की गाडीने थांबावं. लॅपटॉपच्या पडद्यांच्या जोडणीत ही सोय २००९ पासून होती, पण ती वीज वाचवायला. खेळासाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं स्वतःचं महागडं सर्किट लागे. एएमडीने जानेवारी २०१४ मध्ये असल्या सर्किटाशिवाय तेच करून दाखवलं आणि नाव ठेवलं फ्रीसिंक. मे २०१४ मध्ये वेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेपोर्टच्या प्रमाणात घातलं. शंभर वर्षांनी पडदा पुन्हा चित्राचं ऐकायला लागला.

पण दोन घरांचं जमत नव्हतं. माझं पोळणं ते हेच. २०१६ साली मुलासाठी मॉनिटर घेतला एका घरचा आणि कार्ड दुसऱ्या घरचं. दुकानदार बोलला नाही, मी विचारलं नाही, खोक्यावर सगळं छापलेलं होतं. चूक माझीच. ज्या सोयीसाठी चार पैसे जास्त मोजले ती वापरताच येईना. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपली कार्डं साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवर चालू दिली, तेव्हा ती सोय सुरू झाली. तोवर मुलगा पुण्याला गेला होता. (त्यांनी तपासलेल्या चारशे मॉनिटरांपैकी बाराच त्यांच्या कसोटीला उतरले होते, ही आणखी एक गंमत.)

असो. आता तो तंटा बराचसा मिटलाय, आणि खेळासाठीच्या बहुतेक मॉनिटरांत ही सोय असतेच. भाच्याला म्हटलं, खोक्यावरचं नाव वाचू नकोस, पल्ला वाच. पुष्कळ मॉनिटरांत तो ४८ पासून सुरू होतो. आठवला ना ४८? कार्ड त्याच्या खाली घसरलं की चांगले मॉनिटर तेच चित्र दोनदा दाखवतात, तंबूतल्या झडपेसारखं. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. ४८ ते ७५ वाल्याला ते जमत नाही, ४८ ते १४४ वाल्याला जमतं.

आणि कार्डाचं म्हणशील तर, जे कार्ड कधी दमतच नाही त्याला सिंकचं फारसं अप्रूप नाही. दमणाऱ्याला आहे. ५० ते ८० मध्ये खाली-वर होणारं मधलं कार्ड याच सोयीने गुळगुळीत वाटतं. शिवाय कार्ड चार-पाच वर्षांत बदलावंसं वाटतंच, मॉनिटर आठ-दहा वर्षं सहज टिकतो. भाऊजींचा पैसा टिकणाऱ्या वस्तूत घाल.

पुढच्या शनिवारी तो एसटीने पारोळा-एरंडोल करत जळगावला आला. गोलाणी मार्केटमध्ये दोन तास घासाघीस केली, ४८ ते १४४ चा मॉनिटर आणि पायरीखालचं कार्ड घेतलं, सतराशे रुपये उरले. त्याचे त्याने ताईसाठी काहीतरी घेतलं, मला दाखवलं नाही.

काल ताईचा फोन होता. पोराने तिला खुर्चीमागे उभं करून सिंक चालू करून, बंद करून दाखवलं म्हणे. आधी ती म्हणाली, "माले तं दोन्ही सारखंच दिसस." मग त्याने सिंक बंद ठेवून खेळात गर्रकन मान फिरवली आणि भिंत मधोमध फाटली.

"अगदी आपल्या टीव्हीसारखं रे," ताई मला म्हणाली. "तोंडात आलंच होतं, अण्णांना मागे पाठवा म्हणून."