प्रशिक्षकाचा अधिकार आणि रहीमसाहेबांचे हैदराबाद

राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक हवा, ही कल्पना रग्बीने फार उशिरा मान्य केली. मैदानात कर्णधाराचेच चालावे आणि बाहेरच्याने शिकवणे हौशी खेळाला शोभत नाही, अशी तिथली धारणा होती. वेल्सने १९६७ मध्ये डेव्हिड नॅश यांना नेमले, इंग्लंडने १९६९ मध्ये डॉन व्हाइट यांना. स्कॉटलंडने १९७१ मध्ये बिल डिकिन्सन यांना आणले, तेही ‘कर्णधाराचे सल्लागार’ म्हणून. इंग्लंडच्या फुटबॉल संघाला १९४६ पासून वॉल्टर विंटरबॉटम होते. खेळाडू मात्र समिती निवडायची. म्हणून या पदाच्या इतिहासात नेमणुकीच्या सालापेक्षा अधिकार कोणाच्या हाती होता, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

या कसोटीवर हैदराबादचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. तिथल्या चादरघाट हायस्कूलमध्ये सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) काही काळ शिक्षक होते. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघही. या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. शहरातील स्पर्धांचे नियम ठरवणारा आणि खेळाडू घडवणारा माणूस एकच होता, हे त्यामागचे खरे कारण.

त्यांनी भरवलेल्या स्पर्धाच पाहा. काहींत ड्रिब्लिंगला मनाई, काहींत कमकुवत पायानेच खेळायचे. चेंडू पायाशी खेळवता येणार नाही म्हटल्यावर तो येण्याआधीच साथीदार कुठे आहे हे हेरावे लागते. मान आपोआप वर राहते, पास लवकर सुटतो. जे सांगून अंगी बाणत नाही, ते नियमाने बाणते. ही उमज शिक्षकाची होती.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांना १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, पण १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०–१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पुढच्याच वर्षी हंगेरीने सेंटर फॉरवर्डला मागे ओढून वेम्बलीवर इंग्लंडला ६–३ असे हरवले. रहीमसाहेबांनी ती रचना आपल्या संघात उतरवली. १९५६ मध्ये मेलबर्नला नेव्हिल डिसोझाच्या हॅटट्रिकवर यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ नमवून भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाने सुरुवातीलाच २–० हरवले. पुढे जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले. बचावाचा हा आधारस्तंभ. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीच्या फळीत उभे केले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला आणि त्याच कोरियावर २–१ विजय मिळाला. इतका धाडसी बदल करायला कोणाला कुठे खेळवायचे यावर पूर्ण हुकमत लागते. कर्करोगाने पोखरलेल्या प्रशिक्षकापाशी ती शेवटपर्यंत होती.

११ जून १९६३ रोजी ते गेले. १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेव्हा प्रशिक्षक जी. एम. एच. बाशा होते आणि कर्णधार हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन. त्यानंतर आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला पदक नाही. पुढे परदेशी प्रशिक्षकही आले, पण स्थानिक स्पर्धा, क्लब आणि राष्ट्रीय संघ ही साखळी पुन्हा कोणा एकाच्या हाती आली नाही.