मध्येच घातलेली ओळ

गेल्या दिवाळीत कोऱ्हाळे बुद्रुकला आजोबांच्या आठवणींची वही संगणकावर उतरवली. तिच्यात 'दुष्काळ' जागोजागी. मुलांना कळावं म्हणून अशा प्रत्येक ओळीखाली 'सन १९७२' घालायचं ठरवलं. हाताने कोण घालणार? 'सेड'ला एक आज्ञा दिली, क्षणात काम फत्ते!

बेल लॅब्जच्या ली मॅकमहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलेलं हे साधन. शब्द जुळला की ओळ घालायची, एवढंच त्याला ठाऊक.

आत्याने वाचलं आणि म्हणाली, "अरे, हा दुष्काळ अण्णांच्या लहानपणचा!"

तेव्हा पुण्याची भांडारकर संस्था आठवली. तिथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली. जुन्या लेखनिकांनीही योग्य जागा दिसली की श्लोक घातले होते, तेही श्रद्धेने. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पोथ्या ताडून असे श्लोक मूळ संहितेतून वेगळे काढले, पण फेकले नाहीत. लहान भर तारांकित करून पानाच्या तळाशी, मोठी परिशिष्टात. गणपती लेखनिक झाल्याची कथाही परिशिष्टातच आहे!

माझ्या ओळींना खूण नव्हती, मूळ फाइलही ठेवली नव्हती. वही होती म्हणून निभावलं. आत्या वाचत गेली, मी ओळ न् ओळ ताडत गेलो.

आता माझी भर चौकटी कंसात असते. अण्णांचं अण्णांपाशी, माझं माझ्यापाशी.