भाकरीची गुंडाळी

जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिको नावाचा देश आहे. तिथं मक्याची पातळ भाकरी तव्यावर भाजतात, तिच्यात उसळ, भाजी किंवा मांस घालतात, गुंडाळतात आणि खातात. तिला टॉर्टिया म्हणतात. हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं. त्यांच्या आधी तिथले अझ्टेक लोक आपल्या भाषेत तिला त्लाश्काली म्हणायचे. हल्ली आपल्या शहरांतही अशा भाकऱ्या 'रॅप' या नावानं पाकिटातून मिळतात आणि मुलांच्या डब्यात जातात. परभणीसारख्या ज्वारीच्या मुलखात राहणाऱ्या मला ही पाहुणी परकी वाटत नाही. तिचा आणि आपल्या भाकरीचा इतिहास तीन-चार वेळा एकमेकांना भेटलेला आहे. आज त्या भेटींबद्दल बोलायचं आहे.

पहिली भेट आहे अडचणीची. मक्याचं किंवा ज्वारीचं पीठ गव्हासारखं चिवट नसतं. गव्हातला जो चिकट अंश पोळीला ताणू देतो, तो या दोन्ही धान्यांत नाही. म्हणून भाकरी लाटण्यापेक्षा थापावी लागते. पीठ ताजं लागतं, पाणी गरम लागतं. पीठ जुनं झालं की आपल्या बाया म्हणतात, 'पीठ विरी गेलं'. मग भाकरी काठाला फाटते. मेक्सिकोच्या बायांनी हीच अडचण वेगळ्या रीतीनं सोडवली. त्यांनी मका चुन्याच्या पाण्यात उकळला, रात्रभर तसाच ठेवला, धुतला आणि ओलाच वाटला. त्यानं पीठ एकजीव झालं, भाकरी वळू लागली. पण या चुन्यानं आणखी एक मोठं काम गुपचूप केलं होतं. ते शेकडो वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागंच राहिली. गरिबांच्या ताटात नुसता मका आला आणि त्याच्यामागून एक रोग आला. कातडी काळवंडून सोलायची, पोट बिघडायचं, शेवटी बुद्धीला भ्रम व्हायचा. स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या वैद्यानं १७३५ मध्ये या रोगाची नोंद केली. पुढं त्याला पेलाग्रा म्हणू लागले. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की शरीराला ते मिळत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं. मेक्सिकोची बाई चुन्याबरोबर घेवडाही शिजवायची. म्हणून तिची लेकरं मका खाऊनही वाचली.

आता दुसरी भेट, आणि ती आपल्या दाराशी आहे. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग असं मानलं जायचं. पण हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही दिसला. १९६० मध्ये त्यांनी मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचा घटक जास्त असतो आणि त्यामुळं शरीरातलं नायसिनचं गणित बिघडत असावं. या कारणावर पुढं शास्त्रज्ञांत वाद झाले. पण एक गोष्ट वादाची नाही. हा रोग ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं त्यांना व्हायचा. भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी, अंडं असलेल्या घरात तो शिरत नव्हता. भाकरी सोबतीनं जगते. तिला एकटं पाडलं की माणूस आजारी पडतो.

ही सोबत आपल्या म्हाताऱ्यांना कळत होती. शेतावर जाणारा गडी दस्तीत भाकरी बांधून न्यायचा, तिच्यावर बेसन, ठेचा, जवसाची किंवा कारळाची चटणी असायची, सोबत एक कांदा. बांधावर बसून तो भाकरीचा काठ मोडायचा. वरची भाकरी ताट व्हायची, खालची जेवण. आमच्या घरात अम्मी तिला 'जवारी की रोटी' म्हणायची, शेजारच्या काकू भाकरी म्हणायच्या. रमजानात सहरीला आमच्याकडे तीच दह्यात कुस्करली जायची. पीठ एकाच गिरणीतून यायचं. गिरणीच्या आधी जातं होतं, आणि जात्याशी देवालाच बोलावून घेणारी जनाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. या मुलखाच्या कवितेला पिठाचा वास आहे तो असा जुना आहे.

तिसरी भेट गव्हाची आहे. मेक्सिकोत गहू स्पॅनिश लोकांनी नेला. तिथल्या उत्तरेकडच्या सोनोरा प्रांतात तो चांगला पिकला आणि टॉर्टिया मक्याऐवजी गव्हाच्या पिठाची होऊ लागली. आज पाकिटात मिळणारी बहुतेक रॅप ही त्याच वंशातली. त्याच मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाच्या जाती तयार केल्या. त्यातल्या एका वाणाचं नावच 'सोनोरा ६४'. भारतानं १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यात मुख्य वाण 'लर्मा रोहो' होता. पंजाब, हरियाणाच्या शेतांत त्या गव्हाचे ढीग लागले, सरकारनं ते खरेदी केले आणि रेशन दुकानातून देशभर पाठवले. मराठवाड्यात गहू तोवर सणाचा होता, तो रोजचा झाला. भुकेच्या काळात त्या गव्हानं माणसं जगवली, हे विसरता येणार नाही. पण भाकरीची जागाही त्यानंच घेतली.

मग १९७२ आलं. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही ज्वारी-बाजरीसारख्या पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. मी तेव्हा अगदी पाळण्यातला. दुष्काळाच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. खडी फोडून आलेल्या माणसांना सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणायचे. ज्वारीच्या माहेरात ज्वारी आगबोटीनं आली. त्या पिढीनं मिलोची भाकरी खाल्ली, पण तिचं नाव घेताना आजही चेहरा वाकडा करते.

त्यानंतर भाकरीची पत उतरत गेली. आमच्या शाळेत चपातीचा डबा उघडा ठेवून खाल्ला जायचा आणि भाकरीचा झाकण आडवं धरून. शेतातही ज्वारी मागं पडली. संकरित ज्वारी भरपूर पिकली, पण खरिपात पावसात सापडली की कणीस काळं पडायचं, भाव मिळायचा नाही. मग तिच्या जागी सोयाबीन आलं, कापूस वाढला. बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही घटली. काढणीला माणसं मिळेनात. राहिली ती मुख्यतः रब्बीची ज्वारी, तुराबुल हक साहेबांच्या उरुसाच्या दिवसांत शिवारात डोलणारी.

पण विद्यापीठाचं काम चालूच होतं. 'परभणी मोती'सारखे रब्बीचे वाण इथून गेले. २०१८ मध्ये इक्रिसॅटच्या सहकार्यानं 'परभणी शक्ती' हा वाण आला. त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ज्या दख्खनमध्ये भाकरीवर रोगाचा ठपका आला, तिथंच तिला औषधाचं बळ देण्याची ही धडपड. १९७२ सालच्या दोन संस्थांनी मिळून हे केलं, याचा मला परभणीकर म्हणून अभिमान आहे.

आता डब्याचं बोलू. मुलांना गुंडाळी आवडते, तर गुंडाळी द्यावी. आपल्याकडे तूप-साखर लावलेली पोळीची सुरळी होतीच की! फक्त मैद्याची विकतची घेण्यापेक्षा ज्वारीची घरी करावी. थापलेली भाकरी थंड झाल्यावर वळत नाही, म्हणून आधी उकड काढायची. एक वाटी पाणी उकळायचं, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तेल घालायचं, एक वाटी ताजं पीठ टाकून ढवळायचं आणि आच बंद करून दहा मिनिटं झाकायचं. सोसवेल इतपत गरम असताना हाताला पाणी लावून चांगलं मळायचं. ही उकड पातळ लाटता येते. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजून लगेच फडक्यात गुंडाळून ठेवली की दुपारपर्यंत मऊ राहते. सवय नसेल तर सुरुवातीला चौथा हिस्सा कणीक मिसळावी. उकळतं पाणी इथं तेच करतं जे मेक्सिकोत चुना करतो, म्हणजे पिठाला धरून ठेवतं. जीवनसत्त्वाचं काम मात्र ते करत नाही.

म्हणून आत काय घालता ते महत्त्वाचं. कोरडी मटकीची उसळ, मेथी घालून परतलेली मुगाची डाळ, अंड्याची बुर्जी, थोडी शेंगदाण्याची चटणी, काकडी, वर लिंबू. लिंबानं भाकरीतलं लोह शरीराला लागायला मदत होते. ज्वारी म्हणजे जादू, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तंतूच्या बाबतीत घरची कोंड्यासकट कणीकही कमी नाही. फरक पडतो तो मैदा सुटण्यानं आणि डाळ-भाजी येण्यानं.

शेवटी एक सल सांगतो. २०२३ हे वर्ष जगानं भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. भाकरी मोठ्या हॉटेलात गेली, आनंद आहे. पण २०२४-२५ मध्ये मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता, त्याच वर्षी पेरलेल्या गव्हाचा २४२५. हा भाव शेतकऱ्याला मिळायलाच हवा. मात्र रेशनवर जानेवारी २०२३ पासून जे धान्य फुकट मिळतं ते बहुतांशी गहू आणि तांदूळ. म्हणजे जिच्या आजीनं लाज वाटून भाकरी झाकून खाल्ली, त्या मजुरणीला आज तीच भाकरी परवडत नाही. ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यात रेशनच्या दुकानातून बारमाही ज्वारी आणि तिच्यासोबत डाळ मिळाली, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि शाळेतल्या लेकराच्या डब्याला सोबत. मेक्सिकोच्या बायांना जे कळलं होतं आणि युरोप जे विसरला होता, ते आपल्याला ठाऊक आहे. भाकरी द्यायची तर तिच्या सोबत्यासकट द्यावी.