अर्धे ताट आणि भरले ताट

इतिहास म्हटला की आमच्यासारख्या सरकारी कारकुनाच्या डोळ्यांपुढे प्रथम फाईल उभी राहते. दिनांक, जावक क्रमांक आणि खाली सही एवढे असले की घटना घडली असे आम्ही मानतो. परंतु जिचे टिपण कोणी ठेवले नाही, तीही घटना घडलेलीच असते. हे आम्हांस इटलीचे दिग्दर्शक एत्तोरे स्कोला (१९३१-२०१६) यांच्या चित्रपटांनी पटवून दिले.

त्यांच्या १९९८ सालच्या 'ला चेना', म्हणजे 'रात्रीचे जेवण', या चित्रपटात रूढ अर्थाने कथानक नाही. रोममधील एक भोजनगृह आणि तेथील एक संध्याकाळ, एवढाच त्याचा पसारा. मालकीण फ्लोरा प्रत्येक मेजाची विचारपूस करीत हिंडते. एकीकडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आपल्या विद्यार्थिनीवर जडलेल्या प्रेमाच्या पेचात सापडलेले; दुसरीकडे, आपणांस मठात जाऊन संन्यासिनी व्हावयाचे आहे, असे मुलगी आईस सांगते आहे. एका जपानी कुटुंबातील मुलगा हातातल्या खेळात गढून गेला आहे. आणि एकटेच जेवावयास बसलेले वृद्ध पेझुल्लो हे सारे न्याहाळीत आहेत.

यात इतिहास कोठे आला, असे वाचक विचारतील. स्कोलांनी इतिहास पाहिला तो बहुधा बंद दाराआडून. मे १९३८ मध्ये हिटलर रोमला आला त्या काळातला एक दिवस त्यांनी १९७७ च्या चित्रपटात रंगविला. पण मिरवणुकीसाठी सारी चाळ ओस पडली असताना त्यांचा कॅमेरा मागे राहिलेल्या दोघांपाशी थांबला. त्यांपैकी एक संसाराने थकलेली गृहिणी, तर दुसरा नोकरीवरून काढलेला नभोवाणी निवेदक. बाहेरचा जयघोष आत येतो तो केवळ रेडिओवरून.

'ला चेना'चा खरा अर्थ मात्र १९७४ सालच्या 'चेराव्हामो तान्तो अमाती' या चित्रपटाशेजारी ठेवल्यावाचून उमगत नाही. 'आपले एकमेकांवर किती प्रेम होते' हा त्या नावाचा भावार्थ. नाझींविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले तीन तरुण युद्धानंतर रोममधील ज्या खाणावळीत भेटतात, तिचे नावच मुळी 'अर्ध्या ताटाचा राजा' असे आहे. खिसा रिकामा, म्हणून ताट अर्धे. स्वप्न मात्र पुरे, आणि तेही तिघांचे मिळून. पुढे तीस वर्षांत देश सुधारला, पैसा आला. तिघांपैकी जान्नी हा वकील एका लबाड धनिकाचा जावई झाला आणि स्वप्नाची वाटणी होऊन गेली.

जान्नीची भूमिका व्हित्तोरिओ गासमन यांची होती, आणि त्याने जिला सोडले त्या लुचानाची स्तेफानिया सांद्रेल्ली यांची. चोवीस वर्षांनी हीच दोघे 'ला चेना'च्या भोजनगृहात पुन्हा दिसतात. गासमन पेझुल्लो झाले आहेत, आणि सांद्रेल्ली त्या मुलीची आई.

मधल्या काळात पुष्कळ पालटले होते. १९२१ साली स्थापन झालेला इटलीचा साम्यवादी पक्ष १९९१ मध्ये विसर्जित झाला. युद्धोत्तर राजकारणावर दीर्घकाळ पगडा असलेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष १९९४ मध्ये संपला. ज्या ध्वजांखाली माणसे एकत्र येत वा परस्परांशी भांडत, ते ध्वजच उतरले. आता प्रत्येकाचे ताट भरलेले आहे. परंतु प्रत्येक मेजाचे दुःख त्या मेजापुरतेच. शेजारच्या मेजावर काय चालले आहे, याची खरी आस्था उरली आहे ती एकट्या म्हाताऱ्यास.

यावरून दारिद्र्य बरे होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अर्ध्या ताटाची गोडी भरल्या पोटीच गायिली जाते. स्कोला कोणाची टवाळी करीत नाहीत. भिन्न वयांची, भिन्न मतांची माणसे अजून एका छपराखाली जेवतात, एवढ्याचेच त्यांस अप्रूप आहे. आम्हांस सलते ते इतकेच, की पोट भरण्याच्या खटपटीत वाटून खाण्याची सवय केव्हा सुटली, हे त्या पिढीच्या ध्यानातही आले नाही.

गासमन २००० साली निवर्तले, स्कोला २०१६ साली. पक्ष विसर्जित झाल्याचे ठराव दप्तरी जमा आहेत; त्यांवर दिनांक आहे, सही आहे. मैत्री कोणत्या दिवशी विसर्जित झाली याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात मिळावयाची नाही. ती शोधावयाची तर जेवणाच्या मेजापाशीच जावे लागते.