सुपे (तालुका बारामती)

सुपे : पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील बाजाराचे गाव. तालुक्याच्या उत्तर भागात, चौफुला–मोरगाव रस्त्यावर, कऱ्हा नदीच्या उत्तरेकडील माळावर वसलेले. पारनेर तालुक्यातील सुपे हे वेगळे गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने येथे पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. बारामतीकर आपल्या तालुक्याचे बागायती आणि जिरायती असे दोन भाग करतात. सुपे दुसऱ्यात मोडते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, पण तो नीरेच्या बाजूने गेला आणि ऊसही त्याच्यामागे तिकडेच गेला. सुप्याच्या वाट्याला ज्वारी, बाजरी आणि शेळ्यामेंढ्या राहिल्या. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी अलीकडे या पट्ट्यात येते, तेही आवर्तन सुटेल तेव्हा. गावाजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात (स्थापना १९९७, सुमारे ५ चौरस किलोमीटर) चिंकारा आढळतो. त्याला खुरट्या गवताचे मोकळे माळच मानवतात. रान ओलिताखाली गेले असते तर तो येथे उरलाही नसता.

या कोरड्या गावाला इतिहासात स्थान मिळाले ते त्याच्या बाजारपेठेमुळे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे हे दोन परगणे होते. सुप्याचा कारभार शहाजीराजांच्या पत्नी तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते पाहत आणि शिवाजी महाराजांनी तो त्यांच्याकडून बळाने आपल्या हाती घेतला. परगण्याचे ठाणे म्हणजे आसपासच्या गावांचा वसूल आणि व्यवहार एकवटण्याची जागा. पीक बेताचे असले तरी ते विकायला, बी-बियाणे आणि उसनवार मिळवायला कुणबी सुप्यातच येई. १२ मे १८७५ रोजी, बुधवारी, येथे जे घडले त्याचा उलगडा याच वहिवाटीतून होतो. त्या दिवशी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या रयतेने गुजर सावकार-दुकानदारांकडे कर्जरोखे आणि वह्या मागितल्या, हाती आलेल्या जाळल्या, धान्याची दुकाने लुटली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जाणारे लोण येथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले.

रूढ स्पष्टीकरण कापसाचे आहे : अमेरिकेतील यादवीमुळे भाव चढले, ती संपताच कोसळले आणि रयत कर्जात बुडाली. यात तथ्य आहे, पण सुप्याभोवतीचे मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे. कापसाच्या तेजीचा येथे परिणाम झाला तो मुख्यतः सावकाराचा हात सैल होण्यात आणि मंदीत तोच आखडण्यात. त्यात शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ ची तीस वर्षांची आकारणी संपल्यावर सारा बराच वाढवला गेला होता. कर्ज मात्र सगळीकडेच होते. ठिणगी सुप्यातच का पडली, याचे उत्तर कर्जाच्या आकड्यात सापडत नाही. ऋणको आणि धनको ठरलेल्या वारी मोठ्या संख्येने समोरासमोर येतील अशी जागा सुपे होती, हे त्याचे उत्तर. करडे या गावच्या ग्रामस्थांनी १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला होता. एका गावाच्या हातात तेवढेच शस्त्र असते. अनेक गावांची गर्दी बाजारात होते.

हा परक्यांविषयीचा द्वेष होता, असा आक्षेप घेतला जातो, आणि मारवाडी-गुजर सावकारच प्रामुख्याने लक्ष्य झाले, स्थानिक ब्राह्मण सावकार बहुतांशी वाचले, हे खरेच आहे. तरी जेथे सावकाराने रोखे निमूट दिले तेथे त्याला सहसा त्रास झाला नाही. राग माणसापेक्षा कोर्टात उभ्या राहणाऱ्या कागदावर अधिक होता. दुसरा आक्षेप इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांचा : त्यांनी १९७२ च्या लेखात या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचे मांडले. व्याप्तीपुरते ते मान्य करता येते. पण थोड्या दिवसांत शमलेल्या या उठावामुळे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा त्याने न्यायालयांना दिली. म्हणजे वादाचे केंद्र कागद होता, हे सरकारनेही मानले.

पाठ्यपुस्तकांत सुपे १२ मे १८७५ या एका तारखेपुरते येते, हे गावावर अन्यायाचे आहे. शाहमन्सूर दर्ग्याच्या उरुसाला आणि बाजाराला येणारा आजचा माणूस त्या तारखेसाठी येत नाही. बागायती भागातील शेतकऱ्याचा ऊस माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याच्या काट्यावर जातो आणि पैसे त्याच्या खात्यावर येतात. गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. जिरायती शेतकऱ्याला धान्य किंवा करडू घेऊन स्वतःच बाजार गाठावा लागतो, आणि बारामती बाजार समितीचा उपबाजार त्याच्यासाठी सुप्यातच आहे.