देणाऱ्याचें मन आणि अण्णासाहेब कर्वे

दान कोण देतो, असें विचारलें तर ‘ज्याच्यापाशीं आहे तो’ हें उत्तर सहज मिळतें. इतिहासाला मात्र तें पुरतेपणीं पटत नाहीं. ज्याच्यापाशीं विपुल आहे तो पुष्कळदां देत नाहीं, आणि बेताच्या मिळकतीचा मनुष्य आधीं कनवटीला हात घालतो. देणाऱ्याच्या मनाचें हें गूढ ज्यांनीं दारोदार हिंडून उकललें, त्यांत महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचें नांव अग्रभागीं येतें.

१८९३ सालीं अण्णासाहेबांनीं गोदूबाई ह्या विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. तेच गृहस्थ १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापून विधवांच्या शिक्षणासाठीं समाजापुढें उभे राहिले. अशा माणसाच्या हातावर लोकांनीं कांहीं कां ठेवावें ? अडचण पैशाची नव्हती, मनाची होती.

अण्णासाहेबांनीं प्रथम मागणीची मर्यादा आंखली. पुनर्विवाहाचा पुरस्कार त्यांनीं आश्रमाच्या कार्यांत मिसळूं दिला नाहीं; आश्रम शिक्षणापुरता ठेवला. कित्येक सुधारकांस ही माघार वाटली. परंतु ज्याला पुनर्विवाह रुचत नव्हता, पण घरांतल्या बालविधवेचें दुःख दिसत होतें, त्याला देण्याची वाट ह्यामुळें मोकळी झाली.

दुसरें असें कीं, मागण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः दिलें. आपल्या शिलकेंतले १००० रुपये त्यांनीं आश्रमास अर्पण केले. ५००० रुपयांची आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नांवें करून दिली. ‘हा स्वतः काय सोसतो ?’ ही दात्याच्या मनांतली पहिली शंका. तिला अण्णासाहेबांपाशीं शब्दांवांचून उत्तर होतें.

तिसरी गोष्ट आश्रमांतल्या स्त्रियांची. पार्वतीबाई आठवले ह्या स्वतः विधवा. वर्गणीसाठीं त्या गांवोगांव फिरल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. विधवांची संख्या ऐकून मनुष्य हळहळतो व विसरतो. शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली एक विधवा दारांत आली, म्हणजे त्याला विसरणें जड जातें. दानाचें फळच तेथें दान मागत असे.

गणेश गोविंद गोखले ह्यांनीं हिंगणें येथें सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि १९०० सालीं आश्रम तेथें एका झोंपडींत गेला. पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें व १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं त्यास १५ लक्ष रुपयांची देणगी देऊं केली. आपल्या मातोश्री नाथीबाई ह्यांचें नांव विद्यापीठास असावें, ही त्यांची इच्छा होती. नांवासाठीं दिलेलें दान हीन, असें कांहीं लोक मानतात. परंतु आईच्या स्मृतीचा ओलावा जर सहस्रावधि मुलींच्या विद्येला पोसत असेल, तर त्या इच्छेस दोष कोणी द्यावा ?

एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, ते १५ लक्ष चोवीस वर्षांच्या लहानमोठ्या वर्गण्यांनंतर आले. त्या वर्गण्या ज्यांनीं दिल्या, त्यांच्यापुढें विद्यापीठ नव्हतें. एक झोंपडी आणि एक विश्वासू माणूस होता.